नऊ आज्ञा आणि वरच्या काही

३ जानेवारी

ठके,

फोन करू नकोस. इतक्या वर्षांचा हातोडा कानात जाऊन बसलाय, मला नुसती खरखर ऐकू येते आणि तू चिडतेस. लिहीत जा. अक्षर तुझं चांगलं आहे, माझ्याकडूनच गेलंय.

प्रार्थनाघराची नवी शिळा झाली. माणसापेक्षा उंच, काळीभोर, कुठे डाग नाही. नऊच्या नऊ आज्ञा, खोल अक्षर, आंधळ्याने बोट फिरवून वाचावं असं. फक्त एक झालं. आखणी नेहमी तू करायचीस. तू खडूने ओळी मारून जागा वाटून द्यायची आणि मग मी छिन्नी धरायची, ही आपली पद्धत. तू गेलीस शहरात प्लास्टिकची अक्षरं चिकटवायला. मी आपला अंदाजाने सुरू झालो, पुढे जागा पुरायची नाही या धास्तीने सगळं आवरून आवरून घेतलं, आणि नववी आज्ञा संपली तेव्हा खाली हातभर दगड कोरा.

समितीचे अध्यक्ष बघायला आले, म्हणजे आपले दातांचे डॉक्टर. म्हणाले, "काका, हे पुढचे दात पडल्यासारखं दिसतंय. काहीतरी बसवा इथे." मी म्हटलं, काय बसवू? ते म्हणाले, "काहीही बसवा, उद्घाटन परवावर आलंय."

मग बसवलं काहीतरी. बरं दिसतंय.

उद्घाटनाला गुरुजींनी सगळी शिळा मोठ्याने वाचून दाखवली. लोक एकदम गप्प झाले होते. कामाचं एवढं कौतुक मी आजवर बघितलं नव्हतं.

तू कधी येतेस?

तुझा बाप


११ जानेवारी

बाबा,

"काहीतरी"? काहीतरी बसवलं?

माझ्या खालच्या मजल्यावर आपल्या गावचा नळवाला राहतो. काल तो माझ्या बेसिनखाली आडवा पडून काम करत होता. त्याच्या आईचा फोन आला. ऐकलं, उठला, पान्हा तिथेच टाकला आणि म्हणाला, "ताई, माफ करा, दहावी आज्ञा आलीये." आणि गेला. गावी. कायमचा. मी जिन्यातून ओरडले, अरे दहावी कुठली? तर खालून पाठ म्हणून दाखवली त्याने: "मुलांनी आईबापांना टाकून परगावी राहू नये."

नळ उघडाच आहे. खाली बादली लावून हे पत्र लिहितेय, मध्ये मध्ये उठून ओततेय. सूर तुटला तर समजून घ्या.

बाबा, ही देवाची भाषा नाही. "टाकून" हा शब्द देव वापरत नाही, तुम्ही वापरता. मी निघाले त्या दिवशी बसच्या खिडकीशी उभं राहून हाच शब्द वापरला होतात, ड्रायव्हरच्या देखत. त्याने वळून बघितलं होतं मी किती वाईट आहे ते.

माझ्याशी भांडायचं ना? मग माझ्याशी भांडा. देवाला कशाला मध्ये घालता? आणि नळवाल्याला? खोडा ते. आजच्या आज.

आणि मी यायची नाही. तुम्ही या. पंधरा मार्चला माझं स्वतःचं दुकान उघडतंय, पाट्यांचं. लहान आहे, पण शटर माझं आहे. आई गेल्यापासून घरात आपण दोघंच. मी बोलवणार तरी आणखी कुणाला? तुम्ही एकदा येऊन बघा, मला दुसरं काही नको.

ठकी (टाकून गेलेली नाही, नोकरीला गेलेली)


२० जानेवारी

ठके,

दगडाला खोडरबर नसतो हे मी तुला सांगायचं? एक ओळ घालवायची तर दर्शनी भाग सगळाच तेवढा घासून खाली घ्यावा लागतो. दहावीबरोबर "खून करू नका" पण जाईल. जाऊ दे? तू सांग, मी आत्ता घासायला घेतो.

आणि मी एकटा काय करणार होतो? गुरुजी वाचायच्या ओघात होते. नववी झाली, ओघात दहावीही वाचली. वाचल्यावर थांबले. माझ्याकडे बघितलं. मी माझ्या चपलांकडे बघितलं. समोर सगळं गाव बसलेलं. मग ते म्हणाले, "दगडावर आहे म्हणजे आहेच." आता गुरुजींना मी खोटं पाडू?

पोरं परत आलीत, सगळ्यांची. डॉक्टरांचे तिघे आले, दोघे बायकांसकट. धाकट्याला जागाच नाही म्हणून तो दवाखान्यात दातांच्या खुर्चीत झोपतो. सकाळी डॉक्टर येतात आणि तो जागा व्हायच्या आत सवयीने म्हणतात, आ कर. बेकरीवाल्याचा मुलगा विमानं दुरुस्त करायचा. आता पाव मोजतो. बाप मागून तेच पाव परत मोजतो.

पोरं येत नाहीत म्हणून हीच माणसं वर्षानुवर्षं माझ्या कारखान्यात येऊन रडायची. आता तीच येतात आणि म्हणतात, "काका, काहीतरी करा. तो आमचा टॉवेल वापरतो."

मला विचारतात, तुमची कुठाय? आज्ञा तर तुम्हीच कोरलीत. मी सांगतो, वाटेत आहे.

बरं ऐक. शिळेच्या दोन्ही कडा रिकाम्या आहेत. तुला काही म्हणायचं असेल तर पाठव, मी कोरतो. मी काही एकतर्फी माणूस नाही. आखणीला मात्र तुला यावं लागेल.

दुकानाचं वाचलं. चिकटवलेली अक्षरं बघायला मी एवढ्या लांब येत नसतो. ऊन लागलं की त्यांचे कान वर येतात.

बाप


२८ जानेवारी

बाबा,

वाटेत आहे म्हणून सांगू नका. मी वाटेत नाही. मी इथे आहे, बादलीशेजारी.

आखणीला यायची गरज नाही, सोबत ट्रेसिंग पेपर आहे. डाव्या कडेच्या मापाचा. माप कसं कळलं विचारू नका, तुमचे दगड मी डोळे मिटून मोजू शकते.

नऊ आज्ञा मी लहानपणापासून घोकल्यात. मुलांनी ऐकावं, मुलांनी उलट बोलू नये, मुलांनी आधी उठावं. आईबापांनी काय करावं याची एक ओळ नाही. देव स्वतःच बाप आहे म्हणतात, मग स्वतःच्या अंगावर कशाला घेईल! तेव्हा ही घ्या अकरावी:

"आईबापांनी मुलांच्या वस्तूंना, कागदांना आणि केसांना न विचारता हात लावू नये."

कागद का, ते तुम्हाला माहितीये. माझी कॉलेजातली सगळी रेखाटनं तुम्ही पॉलिशचे हात पुसायला घेतली होतीत. वर म्हणालात, जाड कागद आहे, छान पुसतो.

केस का, तेही माहितीये. दगडाची धूळ भरलेल्या हातांनी डोक्यावरून हात फिरवायचा आणि मग म्हणायचं, अगं, पांढरे झाले की!

कोरा. बघू किती एकतर्फी नाही ते.

ठकी


९ फेब्रुवारी

ठके,

अकरावी बसवली. आखणीत खोट काढायची म्हणून चष्मा लावून बघितली. नाही सापडली. असो.

आता परिणाम ऐक. गावातल्या सगळ्या आया हात मागे धरून चालतात. शाळेच्या दारात एका पोराचं नाक वाहत होतं. आई वाकून विचारतेय, "पुसू का रे?" पोराने विचार केला आणि म्हणालं, "उद्या सांगतो." तान्ह्यांचं काय करायचं यावर गुरुजींनी बैठक घेतली. बाळाला विचारायचं, आणि रडलं तर होकार धरायचा, असं ठरलं. रडतातच ती, त्यामुळे तेवढं एक सुरळीत चाललंय. विमानवाला पोरगा बापाला म्हणाला, माझ्या पावांना हात लावू नका. बेकरीवाला म्हणाला, पाव माझे आहेत. पोरगा म्हणाला, मोजलेले माझे. दोघंही माझ्याकडे आले. मी काय न्यायाधीश आहे?

उजवी कड मी घेतली. बारावी: "आईबापांनी तीच गोष्ट पुन्हा सांगितली तरी मुलांनी ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकावी."

ही तुझ्यासाठी नाही. सर्वसाधारण आहे.

फार गुणकारी निघाली. डॉक्टरांनी फौजदाराचा चुकीचा दात उपटला होता ती गोष्ट ते रोज जेवताना सांगतात, आणि तिघे पोरगे आणि दोन सुना तोंड उघडं टाकून ऐकतात. तोंडं उघडी म्हणून डॉक्टरांना त्यात किडलेल्या तीन दाढा सापडल्या. विमानवाला तर "अरे बापरे, मग?" एवढं इतक्या वेळा म्हणतो की गिऱ्हाइकाने दोन पाव मागितले तरी म्हणतो, "अरे बापरे, मग?"

गावात हल्ली कुठेही जा, कुणीतरी कुणालातरी काहीतरी सांगत असतं. मला सांगायला कुणी नाही. तू पहिलं अक्षर कोरलंस ती गोष्ट मी काल शिळेलाच सांगितली.

बाप


१७ फेब्रुवारी

बाबा,

ती गोष्ट मला लिहा. खरंच. पहिल्यांदा वाचल्यासारखी वाचेन.

पण एक सांगते. त्या गोष्टीत मी सात वर्षांची असते, हातोडा बोटावर मारून घेते, रडत नाही, आणि तुम्ही म्हणता, ही माझ्यामागे कारखाना चालवणार. तिथे गोष्ट संपते. किती वेळा सांगितलीत, पण मी त्यात कधी आठ वर्षांची झाले नाही. मी आता अठ्ठावीसची आहे, बाबा. माझ्याकडे ड्रिल मशीन आहे. माझ्या हाताखाली एक माणूस आहे, आणि तो मला घाबरतो.

तेरावी घ्या. आखणी सोबत आहे:

"आईबापांनी एकदा तरी मुलांच्या कामाच्या जागी जाऊन त्यांचं काम बघावं, आणि तासभर काही बोलू नये."

तासभर का, तर मी तुम्हाला ओळखते. तुम्ही दारातून आत यायच्या आधी म्हणाल, ही पाटी तिरकी आहे.

ही कोरलीत की तुम्हाला यावंच लागेल. तुमच्याच हाताने, तुमच्याच दगडावर असेल. आणि नाही कोरलीत तर मला जे कळायचं ते कळेल. तारीख विसराल म्हणून कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलीये.

ठकी


५ मार्च

बाबा,

तुमचं पत्र नाही. कोरली का? हो की नाही, एवढं तरी सांगा. हात दुखावलाय का? की रागावलात? रागावला असाल तर रागाचं पत्र पाठवा, मला सवय आहे. हे गप्प बसणं कुठून शिकलात?

शटरला निळा रंग दिला. नळ मी स्वतः बसवला, त्याच पान्ह्याने.

डॉक्टरांना लिहितेय. आज्ञेची एक प्रत त्यांनाही पाठवतेय. नाइलाज आहे.

ठकी


१२ मार्च

बाळ,

तुझं पत्र आणि आज्ञेची प्रत मिळाली. तुझे वडील ठणठणीत आहेत. तुझी डावीकडची खालची दाढ दाखवलीस का कुणाला? दाखव.

काकांना मी विचारलं. म्हणाले, दगडावर जागा नाही. दर्शनी भाग भरला, दोन्ही कडा भरल्या, आता काय हवेत कोरू? गुरुजींना पटलं. पण मी दातांचा माणूस आहे. समोरून छान दिसतंय एवढ्यावर माझं समाधान होत नाही. दवाखान्यातला तोंडात घालायचा आरसा आणला, बॅटरी आणली, शिळा आणि भिंत यांच्यामधल्या फटीत घातला. मागची बाजू अख्खी कोरी!

तर म्हणाले, मनगट धरलंय. मी म्हटलं, हरकत नाही काका, शहरातून मशीनवाला बोलावतो, चहा प्यायच्या आत छापून देईल. त्यावर ते जे बोलले ते प्रार्थनाघराच्या आवारात बोलायचं नसतं. पण छिन्नी उचलली.

आठ जणांनी शिळा पुढे ओढली, काम झाल्यावर परत भिंतीला लावली. आता मागचं वाचायला आत शिरता येत नाही. लोक रांगेने येऊन माझ्या आरशात वाचतात. आरशात अक्षर उलटं दिसतं ना? काकांनी ते आधीच ओळखून मागे सगळं उलटं कोरलंय, आरशात बरोबर सुलट दिसतं. असा कारागीर मी बघितला नाही. तू कोपऱ्यात "पंधरा मार्च" लिहिलं होतंस, तेही कोरलंय. मी म्हटलं, काका, हे आज्ञेत नसावं. तर म्हणाले, "आखणीत आहे ते कोरायचं, शहाणपणा करायचा नाही. अशी आमची पद्धत." त्यामुळे आता दरवर्षी पंधरा मार्चला सगळ्या आईबापांनी निघायचं आहे.

तुझे उपकार मी विसरणार नाही. गुरुजींनी असा अर्थ लावलाय: बघायला जायचं तर पोर कुठेतरी कामाला हवं. घरात बसलेल्या पोराचं काय बघणार? म्हणजे पोराला आधी घराबाहेर पाठवणं हे आईबापांचं कर्तव्य झालं. दहावी मोडली असं नाही, ती आपल्या जागी आहे, फक्त आपण तिला वळसा घालून जायचं. माझे तिघेही परवा गेले. बॅगा मी स्वतः गाडीत चढवल्या. जाताना मोठा रडला, मीही रडलो, आणि गाडी वळल्यावर दवाखान्यात येऊन माझ्या खुर्चीत आडवा झालो. आता पंधराला तिघांकडेही जायचं आहे, प्रत्येकाकडे तासभर गप्प. मला जमेल का, देव जाणे.

काका येतील का, ते मात्र सांगता येत नाही. विचारलं की म्हणतात, मी कोरणारा, मला लागू नाही.

तुझा डॉक्टरकाका


१५ मार्च, तुझ्या दुकानात, स्टुलावर

ठके,

बोलायची बंदी आहे, लिहायची नाही. आखणी तुझीच आहे, तेव्हा तक्रार करू नकोस. हा कागद तुझ्या टेबलावरून घेतलाय. न विचारता घेतला, कारण विचारायचं तर बोलावं लागलं असतं. यातून वाट कशी काढायची ते गुरुजींना विचारावं लागेल.

सकाळी कारखान्यात बसलो होतो. गावात चिटपाखरू नव्हतं. बेकरी बंद, दवाखाना बंद, गुरुजीसुद्धा त्यांच्या मुलीकडे गेले, ती कुठेतरी बस चालवते. मी ठरवलं होतं, कुणी "चला काका" म्हणालं की ठाम नाही म्हणायचं. वाक्य तयार होतं, चांगलं घोटून ठेवलं होतं. पण म्हणायला कुणी आलंच नाही. "नाही" तरी कुणाला म्हणू? शेवटी दार ओढून घेतलं आणि आलो.

तू "बसा" म्हणालीस आणि कामाला लागलीस. बरं केलंस. रडारड झाली असती तर मला बोलावं लागलं असतं.

बघतोय मी. तू पत्रा आडवा टाकलास, ओळी मारल्यास, लांब जाऊन एक डोळा बारीक केलास, परत जवळ आलीस. ते सगळं माझंच. पण अक्षर उचलायच्या आधी तू दोन्ही हात पुसतेस, मग हाताचा वास घेऊन बघतेस, मग उचलतेस. हे माझं नाही. हे कुठून आणलंस, माहीत नाही. तुझंच असेल.

तो किल्ल्या बनवणारा गिऱ्हाईक म्हणून आला तेव्हा मला विचारत होता, "काका, ही पाटी टिकते का हो?" मी नुसता बघत राहिलो. तर तुला, हळू समजून, मलाही ऐकू येईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "जन्मापासून बोलत नाहीत का?" आणि तू वर न बघता म्हणालीस, "नाही, धर्माने. तासाभरात बरे होतील." मला हसू आलं होतं. स्टूल घट्ट धरलं.

मला वाटलं, आता ही त्याला थापा मारणार. तू सांगितलंस, "चार-पाच वर्षं टिकेल. मग या, दुसरी करू. तोवर तुम्हालाच नाव बदलावंसं वाटेल." तो खूश होऊन गेला. माझं काम हजार वर्षं राहतं, पण "पुन्हा या" असं मी कुणाला कधी म्हटलं नाही. माझं गिऱ्हाईक एकदाच येतं, आणि तेही बहुतेक मेलेलं.

तुझ्या हाताखालचा माणूस तुला खरंच घाबरतो. मी बघितलं. मलाही जरा भीती वाटली.

एक सांगायचं राहिलं. परतीची दोन तिकिटं काढून आलो होतो, एक तुझं. तास संपला की उठून म्हणायचं, चल, बास झालं, हे असंच पहिलं वाक्य ठरवलं होतं. मघाशी तू शिडीवर चढून ती निळी अक्षरं लावत होतीस तेव्हा हात खिशात होता. आता बघतो तर तुझं तिकीट चुरगळून त्याची गोळी झालीये. ते पहिलं वाक्य गेलं. दुसरं तयार करून आणलेलं नाही.

तास केव्हाच संपला असणार. तू घड्याळाकडे बघितलंस, मग माझ्याकडे बघितलंस. पाठ करून उभी आहेस आणि तेच एक अक्षर मघापासून पुसतेयस. ते स्वच्छ झालंय, ठके.

मी खोकतो. तू वळून बघ.